ई-व्हिसा, ईटीए अडकला? पुन्हा पैसे भरण्याआधी हे तपासा

परदेशी जायला ऑनलाइन काढायचा व्हिसा (ई-व्हिसा) किंवा प्रवासाची पूर्वपरवानगी (ईटीए) अडकली की आधी लक्षणं बघा. देश कोणताही असो, तक्रार यातलीच एखादी असते.

- फॉर्म पूर्ण भरला, ‘सबमिट’ दाबलं आणि पान पांढरं पडलं. किंवा नुसतं चाक फिरत राहिलं.
- पैसे कटल्याचा मेसेज बँकेकडून आला, पण साइटवर अर्ज ‘पेंडिंग’च दाखवतंय.
- कार्ड चालतच नाही. दरवेळी ‘डिक्लाइन्ड’.
- सगळं नीट झालं असं वाटलं, पण ईमेल काही आला नाही.
- फोटो किंवा पासपोर्टचं पान अपलोड होत नाही. झालं तर दोन दिवसांनी ‘अस्पष्ट आहे’ म्हणून परत येतं.
- मंजुरी आली, पण नावात, जन्मतारखेत किंवा पासपोर्ट क्रमांकात एक अक्षर चुकलंय.
- मंजुरीचा कागद हातात आहे आणि विमानतळावरच्या काउंटरवर सांगतात, हा चालणार नाही.

नागपूरच्या महाल भागात माझं फॉर्म भरून देण्याचं काउंटर आहे. शिष्यवृत्ती, सातबारा, रेल्वे तिकीट या रोजच्या कामांत गेल्या काही वर्षांपासून हे नवं काम मिसळलंय. श्रीलंकेत अनुराधापूर आणि कँडीला जाणारे उपासक-उपासिकांचे गट येतात, दिवाळीनंतर बँकॉकला निघालेली कुटुंबं येतात, हल्ली व्हिएतनामवालेही वाढलेत. बहुतेकांनी घरी मोबाइलवर भरून पाहिलेलं असतं आणि ते अडकल्यावर माझ्याकडे येतात. येताना वाक्यही ठरलेलं: “भाऊ, पैसे कटले, पण काहीच येऊन नाही राहिलं.”

माझा अनुभव असा की अर्ज कोलंबोत किंवा हनोईत क्वचितच अडकलेला असतो. तो अडकतो आपल्याच टेबलावर: पत्त्याच्या पट्टीत, पासपोर्टच्या पहिल्या पानावर किंवा कार्डाच्या सेटिंगमध्ये. म्हणून तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करा. आणि ती संपेपर्यंत दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्हिएतनामचे २५ डॉलर (एकदाच प्रवेश असलेल्या ई-व्हिसाचे) एकदा गेले की अर्ज नामंजूर झाला तरी परत मिळत नाहीत. मग घाईघाईत तेच चुकलेलं नाव टाकून केलेला दुसरा अर्ज म्हणजे पुन्हा तेवढाच खड्डा.

आपण नक्की काय मागतोय?

हे आधी पक्कं करा, कारण निम्मा घोळ इथेच असतो. श्रीलंकेचा ईटीए ही प्रवासाची पूर्वपरवानगी आहे. ती घेऊन तुम्ही विमानात बसता आणि शिक्का तिथल्या इमिग्रेशनवर पडतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा हा खराच व्हिसा आहे. तो किती दिवसांचा, कोणत्या तारखेपासून आणि कुठल्या विमानतळावरून, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. थायलंडचं टीडीएसी यातलं काहीच नाही. पूर्वी विमानात कागदाचं कार्ड भरायला द्यायचे, त्याच्या जागी १ मे २०२५ पासून आलेलं ते ऑनलाइन कार्ड आहे. ते फुकट आहे. मलेशियाचं एमडीएसी आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्डही त्याच जातीचं. सिंगापूरला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसा वेगळा लागतोच. अरायव्हल कार्डाचा कागद दाखवून “व्हिसा झाला” म्हणणारे मी पाहिलेत आणि त्यांना ते समजावणं हे फॉर्म भरण्यापेक्षा जड काम असतं.

पहिली तपासणी: पत्त्याची पट्टी

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत साइटचा पत्ता वाचा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे येतं, ते शेवटाकडून वाचायचं. श्रीलंकेचा ईटीए ‘ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके’वर आहे. व्हिएतनामचा ‘ईव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’वर. थायलंडचं कार्ड ‘टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट जीओ डॉट टीएच’वर. थायलंड आणि इंडोनेशियाच्या सरकारी पत्त्यात ‘जीओव्ही’ नसतं, नुसतं ‘जीओ’ असतं. ज्यांना ‘जीओव्ही असेल तरच खरी साइट’ एवढंच पाठ असतं, ते खऱ्या साइटवरून परत फिरतात आणि नावातच ‘गव्ह’ घुसडलेल्या भलत्याच साइटवर जाऊन बसतात.

हे महत्त्वाचं का? गुगलवर शोधलं की वर जाहिराती येतात. त्यातल्या अनेक साइट खासगी असतात. दिसायला अगदी सरकारी, वर झेंडा, बाजूला हत्तीचा नाहीतर पॅगोड्याचा फोटो. काही जण खरोखर तुमच्या वतीने अर्ज भरतात आणि त्याचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. काही जण पैसे घेऊन गप्प बसतात. थायलंडच्या फुकट कार्डासाठी कोणी पैसे मागितले की तिथेच पान बंद करायचं, पुढचं वाचायचंही नाही.

श्रीलंकेच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ईटीए बाजूला ठेवून दुसरीच ई-व्हिसा यंत्रणा आणली होती. ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि सप्टेंबरच्या अखेरीस जुना ईटीए परत आला. त्या मधल्या काळात बनवलेले व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लिंका अजून जिवंत आहेत. गटातल्या कोणी ‘ही लिंक पक्की आहे’ म्हणून पाठवली असेल, तर ती कधीची हे आधी विचारा.

अर्ज खासगी साइटवर भरला गेलाय असं लक्षात आलं, तर खालच्या तपासण्यांचा उपयोग नाही. थेट शेवटच्या भागावर जा.

दुसरी: अर्ज गेलाय की नाही, हे साइटलाच विचारा

ईमेल न येणं म्हणजे अर्ज न जाणं नव्हे. आधी स्पॅम बघा, मग ‘प्रमोशन्स’ बघा, मग मेलबॉक्समध्ये आपला पासपोर्ट क्रमांक टाकून शोधा. तरीही नसेल तर फॉर्मवर ईमेल काय लिहिला होता ते आठवा. ‘जीमेल’चं स्पेलिंग उलटसुलट टाइप झालेलं मी सर्रास पाहतो. मुलाचा ईमेल दिला, मुलगा पुण्याला, त्याने मेल पाहिलाच नाही, हेही नेहमीचंच.

या साइटवर अर्जाची स्थिती पाहायची सोय असते. श्रीलंकेला संदर्भ क्रमांक आणि पासपोर्टचा तपशील लागतो. व्हिएतनामला नोंदणी कोड, ईमेल आणि जन्मतारीख. व्हिएतनामचा नोंदणी कोड पैसे भरण्याच्या आधीच पडद्यावर येतो. तो लिहून घेतला नसेल तर पुढचं सगळं आंधळं होतं. म्हणून माझ्याकडे नियमच आहे: कोड दिसला की आधी वहीत लिहायचा, मोबाइलने फोटो काढायचा, मगच कार्ड बाहेर काढायचं.

स्थितीमध्ये ‘प्रक्रियेत आहे’ असं दिसलं तर काही करू नका. व्हिएतनाम तीन कामाचे दिवस सांगतं. शुक्रवारी संध्याकाळी भरलेल्या अर्जाला शनिवार-रविवार कोणी हात लावत नाही आणि त्यांच्या नववर्षात, म्हणजे टेटच्या सुट्टीत, सगळंच लांबतं. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, पोयाला, सरकारी सुट्टी असते. आता आपले बहुतेक लोक नेमके वैशाख पौर्णिमेसाठीच निघतात आणि आदल्या आठवड्यात अर्ज भरतात. मग कोलंबोला फोन लावला की तिकडे उचलायला कोणी नाही.

तिसरी: फार लवकर किंवा उशिरा भरत नाही ना?

थायलंडचं आणि मलेशियाचं कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं. महिनाभर आधी भरायला बसाल तर कॅलेंडरमध्ये तारीखच निवडता येत नाही आणि लोक समजतात साइट बिघडली. साइट ठणठणीत आहे. व्हिसाचं उलट: शेवटच्या तीन दिवसांसाठी ठेवला की गेलात. एकाच सहलीत दोन्ही असतील, म्हणजे व्हिएतनाम आणि परतताना बँकॉक, तर दोन तारखा वेगवेगळ्या लिहून फ्रिजवर चिकटवा.

पासपोर्टची मुदतही आताच बघा. पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने शिल्लक असलेली बरी. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. आई-बाबांचा दहा वर्षांचा म्हणून मुलाचाही चालेल असं धरून बसलेली कुटुंबं दर उन्हाळ्यात येतात.

चौथी: पासपोर्टचं पहिलं पान, अक्षरन् अक्षर

इथे थोडा वेळ द्या. सगळ्यात जास्त अर्ज इथेच बिघडतात.

पासपोर्ट उघडून समोर ठेवा. आधार नाही, पॅन नाही, तिकीटही नाही. फक्त पासपोर्ट. पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, अक्षरं, आकडे आणि कोनासारख्या खुणांनी भरलेल्या. त्या यंत्राला वाचायच्या ओळी. प्रत्येकीत ४४ जागा. काउंटरवरचं यंत्र वरचं छापील नाव वाचत नाही, या ओळी वाचतं. म्हणून तुमचा फॉर्मही या ओळींशी जुळायला हवा. पहिल्या ओळीत देशाच्या कोडनंतर आडनाव, मग दोन कोन, मग नाव. ही रचना बघितली की ‘सरनेम’च्या रकान्यात काय जायला हवं, याचं उत्तर समोरच असतं.

आपल्याकडे नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टवर यातली पहिली दोन बहुतेकदा ‘गिव्हन नेम’मध्ये एकत्र असतात. फॉर्मवर ‘मिडल नेम’ असा रकाना दिसला की लोक वडलांचं नाव तिकडे हलवतात. काही साइट ते छापतच नाहीत आणि मंजुरीपत्रावर नाव अर्धं येतं. पासपोर्टवर जिथे आहे तिथेच लिहा. ‘मिडल नेम’ सक्तीचा नसेल तर रिकामा सोडा.

लग्न झालेल्या बायकांचं आणखी एक: पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, तिकीट कोणीतरी आधार बघून काढलेलं. ईटीए पासपोर्टप्रमाणे बरोबर आला तरी काउंटरवर तिकिटाशी जुळत नाही. परवानगी दुरुस्त करायची नसते, तिकीट करायचं असतं. ते विमान कंपनीकडे, आणि जेवढं लवकर तेवढं स्वस्त.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, त्यांनी स्वतःहून काही शोधून काढू नये. त्या फॉर्मवरची सूचना वाचा. काही ठिकाणी रिकामं सोडायला सांगतात, काही ठिकाणी नावच दोन्हीकडे. नागपूरहून शारजाला थेट विमान असल्याने सांगून ठेवतो, संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच नावाच्या पासपोर्टावर पर्यटन व्हिसाला आडकाठी घातली. अशांनी अर्जाच्या मागे न लागता पासपोर्टातच आडनाव घालून घेण्याचा विचार करावा.

पासपोर्ट क्रमांक: भारतीय पासपोर्टला एक अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. त्यामुळे पहिल्या जागी गोल दिसला तर ते ओ अक्षर, पुढे कुठेही दिसला तर शून्य. खालच्या ओळीतून क्रमांक उतरवणारे हमखास एक आकडा जास्त घेतात. तिथे क्रमांकानंतर कोनाची खूण आणि त्यापुढे पडताळणीचा एक आकडा असतो, तो क्रमांकाचा भाग नाही. मागच्या पानावरचा फाइल नंबर पासपोर्ट नंबर म्हणून भरलेलाही पाहिलाय. तारखांचं म्हणाल तर खालच्या ओळीत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. वरच्या छापील भागात दिवस आधी. फॉर्मवर महिना आधी असू शकतो. पाच एप्रिल आणि चार मे यांची अदलाबदल कोणालाच दिसत नाही, इमिग्रेशनवाला सोडून.

मागच्या पासपोर्टावर परवानगी काढली आणि मधे पासपोर्टचं नूतनीकरण झालं, तर ती परवानगी संपली असं समजा. ती क्रमांकाला बांधलेली असते.

आणि पत्ता. आपल्या नागपुरातले पत्ते म्हणजे ‘प्लॉट नं. ४५/अ, अमुक ले-आउट, तमुक चौकाजवळ, पाण्याच्या टाकीमागे’. ही तिरकी रेघ, पूर्णविराम, कंस, काही काही साइटना चालतच नाही आणि त्या कारणही सांगत नाहीत. ‘सबमिट’ दाबलं की नुसतं पांढरं पान. सगळी चिन्हं काढा, टाकीही काढा. प्लॉट, ले-आउट, नागपूर, पिन. पुष्कळांचं ‘साइट बंद पडली’ इथेच सुटतं.

पाचवी: फोटो आणि पासपोर्टचं स्कॅन

व्हिएतनामसारख्या ठिकाणी चेहऱ्याचा फोटो आणि पासपोर्टचं पान, दोन्ही लागतात. अपलोड अडकण्याचं सगळ्यात साधं कारण फाइलचा प्रकार. आयफोनचा फोटो बऱ्याचदा एचईआयसी असतो, साइटला हवा असतो जेपीजी. दुसरं कारण आकार. साइटवर मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा.

तिसरं कारण व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र बारीक होतं आणि पासपोर्टच्या खालच्या ओळी पुसट होतात. डोळ्यांना वाचता येतात, यंत्राला नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मानेवाड्याहून एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांचा अर्ज ‘पान अस्पष्ट’ म्हणून परत आलेला. मोबाइल बघितला तर फोटो स्वच्छ, अक्षर न् अक्षर दिसतंय. मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं: वरच्या चकचकीत पापुद्र्यावर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी बरोबर दुसऱ्या ओळीवरून गेली होती आणि मुदत संपण्याच्या तारखेचे दोन आकडे तिच्याखाली. दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात, पासपोर्ट स्टुलावर सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढला. चारही कोपरे आत, अंगठा बाहेर. त्याच फोटोवर काम झालं. रात्री ट्यूबखाली काढलेले फोटो घेऊन येऊ नका, सकाळी खिडकीशी काढा.

चेहऱ्याचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून, अलीकडचा. मोबाइलच्या ॲपने चेहरा गोरा केलेला चालत नाही. कपाळाची टिकली चालते, कोणी अडवलेलं मी तरी पाहिलं नाही.

सहावी: ब्राउझर

पटकन सांगतो. मोबाइल सोडा, कॉम्प्युटरवर क्रोम किंवा एजमध्ये नवी खासगी खिडकी उघडा. पॉप-अपला परवानगी द्या, कारण बँकेचं पान त्यातच उघडतं. भाषांतराची सोय बंद ठेवा, ती रकान्यांची नावं बदलून टाकते. फॉर्म उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, वेळ संपली की साइट सगळं पुसते.

सातवी: कार्ड

आता पैशांकडे. हा भाग मुद्दाम मागे ठेवलाय, कारण वरचं सगळं बरोबर असल्याशिवाय कार्ड काढूच नये.

‘डिक्लाइन्ड’ येण्याचं मुख्य कारण असं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आदेश काढला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला: नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या यंत्रांवर चालू असेल. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे. म्हणजे तुमचं कार्ड नवं असेल तर परदेशी साइटसाठी ते बंदच आहे, खात्यात लाख असले तरी. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं चालू करा, खालची मर्यादा शून्य असेल तर वाढवा. मर्यादा शून्य आणि बटण चालू, हा प्रकार फार लोकांना फसवतो. काम झालं की परदेशी व्यवहार पुन्हा बंद करा.

दुसरं, कार्ड कोणतं? अशा साइटवर व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. पेन्शनच्या खात्याचं रुपे डेबिट कार्ड घेऊन आलेल्यांना मी आधीच सांगतो, ते ठेवून द्या, घरातल्या कोणाचं तरी दुसरं आणा. यूपीआय शोधत बसू नका. कार्ड दुसऱ्याच्या नावाचं असलं तर साधारण चालतं, पण त्याने ओटीपीसाठी फोन हातात घेऊन बसलेलं असावं. काही परदेशी साइट ओटीपी मागतच नाहीत, थेट पैसे कापतात. घाबरू नका, पण म्हणूनच पहिली तपासणी पक्की हवी. मुळात शुल्क किती हे साइटवरच बघा, आणि बँक परकीय चलनाचं मार्कअप व त्यावर जीएसटी वर लावते, हे धरून चाला.

आता सगळ्यात नाजूक लक्षण: पैसे कटले, अर्ज मात्र ‘पेंडिंग’. इथे हात आवरायचा. पुन्हा ‘पे’ दाबायचं नाही. बँकेचा मेसेज नीट वाचा. बऱ्याच वेळा ती रक्कम बँकेने नुसती अडवून ठेवलेली असते आणि साइटने उचलली नाही की काही दिवसांत आपोआप सुटते. स्टेटमेंटमध्ये व्यवहार पक्का दिसतोय का, हे दुसऱ्या दिवशी बघा. मग साइटवर स्थिती बघा. बऱ्याचदा तोवर ‘पेड’ झालेलं असतं. स्थिती बदलली नाही आणि बँकेत व्यवहार पक्का, तरच साइटच्या मदत-पत्त्यावर संदर्भ क्रमांक, व्यवहाराची तारीख आणि रक्कम लिहून मेल करा. कार्डाचा पूर्ण क्रमांक मेलमध्ये कधीही नाही, शेवटचे चार आकडे पुरतात.

एक नवरा-बायको आले, मुलीकडे जायला निघालेले. घरी रात्री बसून दोघांच्या दोन फोनवरून एकाच अर्जाचे पैसे भरत होते, कारण “माह्यावर फिरूनच राहिलं होतं, म्हटलं यांच्यावर करून पाहावं.” दोन्हीकडून कटले. एक परत आलं, पण येईपर्यंत काकूंनी काकांशी बोलणं सोडलं होतं.

आठवी: मंजुरीपत्र वाचा, नुसतं प्रिंट करू नका

मंजुरी आली की पासपोर्ट शेजारी ठेवून पुन्हा जुळवा. नाव, क्रमांक, जन्मतारीख, लिंग, मुदत. व्हिएतनामला तारखाही बघा: व्हिसा ज्या दिवसापासून सुरू होतो, त्याच्या आदल्या रात्री उतरलात तर आत घेत नाहीत.

चूक सापडली तर काय? थायलंडच्या कार्डात उतरण्याआधी मुक्काम वगैरे दुरुस्त करता येतो. नाव किंवा पासपोर्ट क्रमांक चुकला असेल तर नवं कार्ड भरा, फुकटच आहे. व्हिएतनामला नावाची चूक म्हणजे बहुतेक नवा अर्ज आणि नवे पैसे. त्यात ‘एकच अक्षर तर आहे, चालून जाईल’ हा सल्ला देणारे नातेवाईक विमानतळावर तुमच्याबरोबर नसतात. तिथे तुम्हाला चढू द्यायचं की नाही हे विमान कंपनी ठरवते, कारण चुकीच्या कागदाचा प्रवासी परत आणायची जबाबदारी तिच्यावर येते. म्हणून त्यांचा काउंटर इतका कडक.

नागपूरहून कोलंबो किंवा हनोईला थेट विमान नाही, मुंबई-चेन्नई-दिल्लीमार्गे जावं लागतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या काउंटरवरच कागद तपासले जाऊ शकतात. तिकिटं वेगळी असतील तर चूक मध्यरात्री मुंबईत उघडी पडते. तेव्हा तिथे माझ्यासारखा कोणी नसतो. दोन प्रिंट घ्या, एक हातातल्या पिशवीत आणि एक सोबतच्या माणसाकडे. मोबाइलमध्ये पीडीएफ असली तरी.

इथे थांबा, आता दुसऱ्याचं काम

पुढच्या गोष्टी मी काउंटरवर हाताळत नाही, तुम्हीही घरी हाताळू नका.

श्रीलंकेकडून मंजुरीऐवजी ‘रेफर’ केल्याची सूचना आली, तर तुमचा अर्ज माणसाच्या टेबलावर गेलाय. नवा अर्ज भरून तो सुटत नाही, उलट दोन अर्ज झाल्याने घोळ वाढतो. सूचनेत दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याशी किंवा मुंबईतल्या श्रीलंकेच्या वाणिज्य दूतावासाशी, संदर्भ क्रमांक देऊन संपर्क करा. थायलंड आणि व्हिएतनामचे वाणिज्य दूतावासही मुंबईतच आहेत. आधी फोन किंवा मेल करा, उत्तर आल्याशिवाय विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका.

अर्ज नाकारला गेला असेल, किंवा पूर्वी कधी त्या देशात मुदतीपेक्षा जास्त राहिलात, परत पाठवलं गेलं, कुठलाही व्हिसा नाकारला गेला, तर फॉर्मवर ते खरं लिहायचं आणि पुढचा सल्ला दूतावासाकडून किंवा व्हिसाचं काम जाणणाऱ्या वकिलाकडून घ्यायचा. ‘नाही’वर खूण केली की कोणाला कळणार, असं सांगणाऱ्या एजंटाकडून उठून या.

पासपोर्ट भिजला, पान सुटलं, शिलाई उसवली, खालच्या ओळी खरवडल्या, नाव किंवा जन्मतारीख मुळातच चुकीची छापलीय: हे पासपोर्ट सेवा केंद्राचं काम. हरवला म्हणून तक्रार दिलेला पासपोर्ट नंतर कपाटात सापडला, तर तोही वापरू नका. तो क्रमांक रद्द झालेला असतो.

पैसे दोनदा कटले आणि आठवडाभरात एकही सुटले नाहीत, तर बँकेत लेखी तक्रार द्या. व्यवहाराचा क्रमांक मागा आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

खासगी किंवा बनावट साइटवर पैसे आणि पासपोर्टचा फोटो दोन्ही गेले असतील, तर आधी कार्ड ब्लॉक करा, मग लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. जेवढा उशीर तेवढी रक्कम पुढे सरकते. त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. खऱ्या साइटवरचा अर्ज नव्याने, वेगळ्या कार्डाने.

आणि उड्डाणाला चोवीस तासही उरले नसतील, हातात मंजुरी नसेल, तर पुन्हा पुन्हा फॉर्म भरण्यात रात्र घालवू नका. विमान कंपनीला फोन लावा, तारीख पुढे ढकलायला काय लागतं ते विचारा. तिकीट बदलण्याचा खर्च काउंटरवरून परत फिरण्यापेक्षा कमीच असतो, कारण वेळेवर न चढलेल्या प्रवाशाचं परतीचं तिकीटही अनेकदा त्याच वेळी रद्द होतं.